पाणघोडा, बिशप आणि अकरा मिनिटांचा उशीर

रेजिनाल्ड पेरिन लंडनच्या उपनगरात राहतो. वय सेहेचाळीस, नोकरी ‘सनशाइन डेझर्ट्स’ नावाच्या गोड पदार्थांच्या कंपनीत, घर कवींची नावं दिलेल्या रस्त्यांच्या वसाहतीत. रोज सकाळी स्टेशन, रोज संध्याकाळी घर. घरी आल्यावर बायको सांगते की रविवारी आईकडे जायचंय, आणि पडद्यावर दोन-तीन सेकंद एक पाणघोडा डुलत डुलत चालत जातो. मग पुन्हा पेरिनची बैठकीची खोली, पुन्हा तेच बोलणं. पाणघोडा कुठून आला, कोणी विचारत नाही. १९७६ मध्ये बीबीसी-१ वर सुरू झालेल्या ‘द फॉल अँड राइज ऑफ रेजिनाल्ड पेरिन’ या मालिकेत सासूचा विषय निघाला की हे चित्र येतं आणि तितक्याच निर्विकारपणे निघून जातं.

हा माणूस ऑफिसला रोज बरोबर अकरा मिनिटं उशिरा पोचतो, आणि उशिराचं कारण रोज नवं सांगतो. कधी न्यू माल्डनला जंक्शन बॉक्स बिघडला, कधी बॅजर नावाच्या प्राण्यानं तो खाल्ला. सेक्रेटरी ऐकून घेते आणि कामाला लागते. दुसऱ्या मालिकेत उशीर सतरा मिनिटांवर जातो, तिसऱ्यात बावीसवर. साहेबांच्या केबिनमधल्या खुर्च्या बसताक्षणी अचकट आवाज काढतात. बसणारा तो ऐकला न ऐकलासा करतो आणि चर्चा आइस्क्रीमच्या विक्रीवर पुढे सरकते. लेखक डेव्हिड नॉब्ज यांनी एका मध्यमवयीन माणसाचं मन हळूहळू ढासळताना दाखवलं, आणि त्यासाठी लेनर्ड रॉसिटरसारखा नट मिळाला, ज्याच्या चेहऱ्यावर घाई आणि हताशपणा एकाच वेळी दिसत. पेरिन शेवटी समुद्रकिनाऱ्यावर कपडे ठेवून मेल्याचं नाटक करतो, वेषांतर करून परत येतो, आणि पुढच्या मालिकेत निव्वळ निरुपयोगी वस्तूंचं दुकान काढतो. तिथे चौकोनी रिंगा मिळतात. दुकान धो धो चालतं.

अतिवास्तव विनोद म्हटलं की लगाम सुटलेली कल्पनाशक्ती डोळ्यांपुढे येते. ब्रिटिश सिटकॉम पाहताना हा समज मागे ठेवावा लागतो. तिथला उत्तम वेडेपणा कमालीचा शिस्तीचा आहे. गोष्ट जितकी अतर्क्य, तितकी तिच्याकडे पाहणारी माणसं शांत; घटना जितकी अचाट, तितकं तिच्याभोवतीचं घर, भाडं, चहा, लोकलगाडी पक्कं. पाणघोडा प्राणिसंग्रहालयात असता तर कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. तो हसवतो, कारण त्याच्या आधी आणि नंतर उपनगरातला सोफा आहे.

सोफ्याला इंग्लंडमध्ये मोठी परंपरा आहे. १९५६ मध्ये टीव्हीवर आलेला टोनी हॅनकॉक, १९६२ पासूनचे भंगार गोळा करणारे बापलेक ‘स्टेप्टो अँड सन’. रे गॅल्टन आणि अॅलन सिम्पसन या जोडीनं लिहिलेल्या या मालिकांनी अर्ध्या तासाची एक घट्ट चौकट घालून दिली. मोजके सेट, मोजकी माणसं, आणि या माणसांना एकमेकांपासून सुटका नाही. प्रेक्षकाला ही चौकट इतकी पाठ झाली की पुढच्या लेखकांना तिच्यात काहीही आणून सोडायची सोय झाली. वास्तववादी सिटकॉम नसता तर अतिवास्तव सिटकॉमही नसता.

वेडेपणाचा मूळपुरुष शोधायला निघालं तर मात्र वाट लंडनहून थेट तेव्हाच्या अहमदनगरला येते. स्पाइक मिलिगनचा जन्म तिथला, १६ एप्रिल १९१८ चा. वडील आयरिश, ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत. पोराचं बालपण पुण्यात गेलं, शाळा कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी. मग रंगून आणि तिथून इंग्लंड. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मॉन्टे कॅसिनोच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि मनानंही खचला. त्यातून उठलेल्या या माणसानं १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओसाठी ‘द गून शो’ लिहिला. पीटर सेलर्स, हॅरी सीकम आणि स्वतः मिलिगन. आठवड्यामागून आठवडे नवी संहिता, त्या ताणानं मध्येच कोसळलेलं मन, आणि तरी पुन्हा लेखन. त्यातला मेजर ब्लडनॉक हा भेकड, पैसेखाऊ लष्करी अधिकारी सेलर्सच्या आवाजात ऐकावा. छावणीत वाढलेल्या मुलानं असले मिशीवाले साहेब जवळून पाहिले असणार, हे सांगायला चरित्रकार लागत नाही. कवायत, बिगुल, हुकूम, सलाम या सगळ्यात एक गंभीर मूर्खपणा असतो, आणि मिलिगनचा विनोद त्या गांभीर्याला कधी धक्का लावत नाही. तो फक्त हुकूम बदलतो.

मार्च १९६९ मध्ये बीबीसी-२ वर त्याचा ‘क्यू ५’ आला. प्रहसन रंगात आलं की शेवटची टाळीची ओळ देण्याऐवजी नट ‘आता काय करायचं?’ असं पुटपुटत कॅमेऱ्याकडे चालत येत. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘मॉन्टी पायथन’ सुरू झालं, आणि या मंडळींनी मिलिगनचं ऋण पुढे मोकळेपणी मान्य केलं. ही दोन्ही प्रहसनं, सिटकॉम नव्हेत. पण शेवटच्या ओळीची सक्ती इथे मोडली, तिचा फायदा सिटकॉमला झाला.

मिलिगनचा देव्हारा करायचं कारण नाही. त्याच १९६९ मध्ये ‘करी अँड चिप्स’ या मालिकेत त्यानं चेहरा काळवंडून आयरिश-पाकिस्तानी कामगार रंगवला. वंशद्वेषाची टर उडवतो असं म्हणत त्यातले बरेचसे विनोद वंशद्वेषालाच खाऊ घालत होते. सहा भागांत गाशा गुंडाळावा लागला. आज ते पाहवत नाही, आणि पाहवत नाही यात काही नुकसानही नाही. अतर्क्याच्या प्रदेशात मोकळा फिरणारा हा माणूस नेहमीच्या कारखान्यात, नेहमीच्या शिव्यांमध्ये आला की नेहमीच्याच खड्ड्यात पडला.

साम्राज्याच्या छावणीत जन्मलेल्या मिलिगनला पुढे ब्रिटिश पासपोर्टासाठी अडवण्यात आलं, म्हणून त्यानं आयर्लंडचं नागरिकत्व घेतलं. २००२ मध्ये तो गेला. आपण आजारी असल्याचं आधीच सांगितलं होतं, अशा अर्थाची ओळ थडग्यावर कोरावी ही त्याची इच्छा. चर्चच्या अधिकाऱ्यांना ती रुचेना. अखेर तीच ओळ आयरिश भाषेत कोरली गेली आणि मंजुरी मिळाली. विनोद तसाच राहिला, नियमही पाळला गेला. मिलिगनला स्वतःला याहून चांगला शेवट सुचला नसता.

सिटकॉमकडे परत येऊ. नोव्हेंबर १९८२ मध्ये बीबीसी-२ वर ‘द यंग वन्स’ आली, तेव्हा ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेलेला होता आणि थॅचरबाईंचं सरकार ऐन जोरात होतं. एका मोडक्या घरात चार विद्यार्थी राहतात: स्वतःला क्रांतिकारक म्हणवणारा आणि क्लिफ रिचर्डवर जीव टाकणारा रिक, कपाळात तारे ठोकलेला पंक व्हिव्हियन, डाळी शिजवणारा रडका हिप्पी नील आणि उगाच रुबाब मारणारा माइक. बेन एल्टन, रिक मेयॉल आणि लिझ मेयर यांनी लिहिलेल्या या मालिकेत पहिल्याच भागाच्या शेवटी घरावर विमान कोसळतं. एका भागात चौघं कंटाळून पडलेले असतात. आजूबाजूला नाही नाही ते घडतं आणि या पठ्ठ्यांना त्यातलं काही दिसतच नाही. ‘बॅम्बी’ या १९८४ च्या भागात ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या प्रश्नमंजूषेला जाताना रेल्वेच्या खिडकीबाहेर डोकं काढू नका अशी सूचना असते. व्हिव्हियन डोकं काढतो. डोकं उडतं. धड गाडीतून उतरून रुळांवरून मागे चालत जातं, डोकं त्याच्यावर खेकसतं, आणि चिडलेलं धड डोक्याला लाथ घालतं. पुढच्या प्रसंगात सगळे जण स्पर्धेला बसलेले असतात, समोरच्या चमूत स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी, एमा थॉम्पसन.

या मालिकेत जवळजवळ दर भागात एक बँड मध्येच येऊन गाणं वाजवतो. ‘बॅम्बी’मध्ये तर मोटरहेड. हे अतिवास्तव वाटतं खरं, पण त्यामागे हिशेबाची वही होती: गाणं असलं की कार्यक्रम ‘व्हरायटी’ या खात्यात बसे आणि त्या खात्याला पैसे जास्त मिळत. दिवाणखान्यात ढणाणा गिटार वाजतेय आणि कारण बीबीसीच्या अंदाजपत्रकाचं. असली कारणं लेखकाला सुचत नाहीत.

या मालिकेतला सर्वांत बोलका क्षण मात्र डोकं उडण्याचा नाही. एका भागात ‘द गुड लाइफ’ या सत्तरच्या दशकातल्या गोड, सुखवस्तू सिटकॉमची शीर्षकं पडद्यावर दिसू लागतात आणि व्हिव्हियन ती टराटरा फाडून बाहेर येतो. मग रिचर्ड ब्रायर्स आणि फेलिसिटी केंडल यांच्या गोडव्याला लाखोली. ही फेलिसिटी केंडल ‘शेक्सपिअरवाला’तली, हिंदुस्थानभर शेक्सपिअर करत फिरणाऱ्या कुटुंबातली, तिची बहीण जेनिफर आणि शशी कपूर यांनी जुहूला १९७८ मध्ये पृथ्वी थिएटर उभं केलं. पृथ्वीच्या कट्ट्यावर आयरिश कॉफी पिणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की मालकिणीच्या बहिणीचं नाव घेऊन लंडनच्या टीव्हीवर एका पंकनं असा थयथयाट केला होता! विनोदाच्या दृष्टीनं पाहिलं तर व्हिव्हियनचा राग हा कबुलीजबाबही आहे. फाडायला ते शीर्षक तिथे असावं लागतं. ‘द गुड लाइफ’ घराघरांत पोचली नसती तर तो कुठून फाडून बाहेर आला असता?

इंग्रज माणूस मुळातच तऱ्हेवाईक, म्हणून त्याचा विनोद असा, हे स्पष्टीकरण फार ठिकाणी वाचायला मिळतं. ते आळशी आहे. तऱ्हेवाईक माणसं सगळीकडे असतात. त्यांना अर्धा तास आणि स्टुडिओ देणारी वाहिनी सगळीकडे नसते. बीबीसी-२ ही १९६४ पासूनची दुसरी वाहिनी. पहिलीवर बसणार नाही ते इथे बसवता येई. चॅनल फोर २ नोव्हेंबर १९८२ ला सुरू झालं आणि नवे प्रयोग करणं हे त्याचं कायद्यानं घातलेलं कर्तव्य होतं. पहिल्याच रात्री त्यावर ‘फाइव्ह गो मॅड इन डॉर्सेट’ हे एनिड ब्लायटनचं विडंबन लागलं, त्यात मेयॉल सोडून बाकी बरीच ‘यंग वन्स’च्या गोतावळ्यातली मंडळी, आठवडाभरात बीबीसी-२ वर ‘यंग वन्स’. दुसरी गोष्ट संख्येची. एका मालिकेत साधारण सहा भाग, लेखक एक-दोन, फार तर तीन. ‘द यंग वन्स’चे एकूण भाग बारा. दरवर्षी बावीस भाग भरायचे असते तर नवव्या भागापर्यंत उडवायला डोकी उरली नसती. आणि फसलं तर सहाच भागांत फसतं, त्यामुळे फसण्याची भीती कमी.

चॅनल फोरच्या या उदारपणाचं सर्वांत गोमटं फळ म्हणजे ‘फादर टेड’. १९९५ ते १९९८, एकूण पंचवीस भाग. लेखक ग्रॅहम लिनेहन आणि आर्थर मॅथ्यूज आयरिश, नट आयरिश, बाहेरची दृश्यं आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यातली. पैसा आणि स्टुडिओ लंडनचा. क्रॅगी नावाच्या कल्पित बेटावर तीन कॅथलिक पाद्री: धर्मादायाच्या पैशांवर डल्ला मारल्याच्या संशयानं तिथे धाडलेला टेड, बालबुद्धीचा डूगल, आणि खुर्चीत पडून चार शब्द बरळणारा दारुडा जॅक. शिवाय जगात कोणी चहाला नाही म्हणू शकतं हे मान्यच नसलेली मिसेस डॉइल. एका प्रसंगात टेड हातात खेळण्यातल्या गाई धरून डूगलला शिकवतो की या लहान आहेत आणि त्या बाहेरच्या दूर आहेत. डूगलला ते पटत नाही. त्याच्या चेहऱ्यावर कसलंही नाटक नाही. प्रामाणिकपणे प्रयत्न करून न समजल्याचा थकवा आहे.

‘स्पीड ३’ या भागात दूधवाल्याच्या बॅटरीगाडीत बॉम्ब ठेवलेला असतो. ताशी चार मैलांच्या खाली वेग गेला की स्फोट. हॉलिवूडच्या ‘स्पीड’ची ही कोंडी इतक्या मंद गतीनं चालते की बाजूनं माणसं सहज चालत जाऊ शकतात. आत डूगल. त्याला वाचवायला बेटावरचे पाद्री डोकं चालवतात आणि निष्कर्षाला येतात की मास, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, म्हणावा. मग एक ट्रक त्या गाडीला समांतर चालतो आणि त्यावर उभे राहून यथासांग मास होतो. काहीच होत नाही. पुन्हा विचारविनिमय. त्यातला एक पाद्री सुचवतो की आणखी एक मास म्हणायला काय हरकत आहे? या भागात धर्माची टवाळी आहे असं कोणाला वाटेल. पण पाद्री त्यांच्या परीनं अगदी व्यावसायिक वागतात. आपल्याकडे जे हत्यार आहे तेच काढतात. हसू येतं ते त्यांच्या कामसूपणाचं.

बिशप ब्रेनन यांच्या ढुंगणावर टेडला लाथ मारावी लागते, तो भाग तर कारागिरीचा धडा आहे. पैज हरल्याची शिक्षा म्हणून टेड लाथ मारतो, आणि बिशप काहीच बोलत नाहीत. असं काही घडू शकतं हेच त्यांच्या मेंदूला मंजूर नसतं. ते निघून जातात, रोमला पोचतात आणि तिथे पोपच्या भेटीत एकदम ट्यूब पेटते. इथे प्राणी बोलत नाहीत, डोकी उडत नाहीत. फक्त प्रतिक्रिया काही तास आणि एक समुद्र उशिरा येते. अतिवास्तव साधायला तेवढं पुरतं.

टेडचं काम करणारा डर्मट मॉर्गन शेवटच्या भागाचं चित्रीकरण संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९९८ ला, पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेला.

पुढे लिनेहन यांच्याच ‘द आयटी क्राउड’नं (२००६) हा धागा कचेरीच्या तळघरात नेला. संगणकातलं काही न कळणाऱ्या बॉसबाईला सहकारी एक लाल दिवा लुकलुकणारी काळी डबी देतात आणि सांगतात की हेच इंटरनेट, जपून ने. ती भाषणात ते सभागृहासमोर मांडते. सहकारी तिची फजिती पाहायला टपलेले असतात, पण सभागृह डबीवर विश्वास ठेवून मोकळं होतं. २००४ नंतरच्या ‘द मायटी बूश’चं कौतुक त्यामानानं जरा जास्त झालं. ज्युलियन बॅरट आणि नोएल फील्डिंग यांची जोडी हुशार आहे, पहिल्या मालिकेतलं प्राणिसंग्रहालय आणि तिथली नोकरी मजेदार आहे. मात्र पुढे मांत्रिक, गोरिला, रंगीत राक्षस आणि गाणी यांची इतकी गर्दी होते की चकित व्हायला कोणी साधा माणूस उरत नाही. सगळेच विचित्र असले की तो फॅन्सी ड्रेस होतो.

या मालिका परदेशी का रुजल्या नाहीत, याचं उत्तरही चौकटीतच आहे. ‘स्टेप्टो अँड सन’ची अमेरिकेत ‘सॅनफर्ड अँड सन’ झाली आणि वर्षानुवर्षं चालली. भारतानं ‘माइंड युवर लँग्वेज’वरून १९९३ मध्ये ‘जबान संभालके’ केली, ‘येस मिनिस्टर’वरून २००१ मध्ये ‘जी मंत्रीजी’. मंत्री, सचिव, भाषेचा वर्ग सगळीकडे सापडतात. पेरिनची अमेरिकन आवृत्ती मात्र १९८३ मध्ये आली आणि लगेच गेली; ‘आयटी क्राउड’चा अमेरिकन नमुनाभाग मूळ मालिकेतल्या रिचर्ड अयोआडेला घेऊनही मालिकेपर्यंत पोचला नाही. कथानक विकत घेता येतं, पण अशा विनोदात कथानक नावालाच असतं. सगळी मदार न्यू माल्डनच्या जंक्शन बॉक्सवर, आणि त्याच्या जागी बदलापूर घालून भागत नाही. बदलापूरच्या गाडीत बसणाऱ्याला तिथलं हसू नव्यानं, स्वतःच्या हिशेबानं शोधावं लागेल.

सध्या हे सगळं मराठी प्रेक्षकापर्यंत पोचतं ते बहुधा मोबाइलवरच्या तुकड्यांतून. गाईंचा तुकडा, डबीचा तुकडा, डोक्याचा तुकडा. तुकड्यात पाणघोडा राहतो आणि सोफा कापला जातो, त्यामुळे पाहणारा ‘काहीतरी वेडपट’ म्हणून पुढे सरकतो, आणि त्याचा दोषही नाही. ज्याला खरोखर पाहायचंय त्यानं पूर्ण भाग पाहावेत: पेरिनची पहिली मालिका सुरुवातीपासून, कारण अकरा मिनिटांची गंमत तिसऱ्या-चौथ्या दिवशी चढते, मग ‘स्पीड ३’ आणि बिशपची लाथ, ‘द यंग वन्स’ सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी ‘द गुड लाइफ’चे दोन तरी भाग, मन लावून.